काळीचे येणे

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग धरलेले असतात, पांढरी आणि काळी. माणसे जिथे घरे बांधून राहतात ती पांढरी. ज्या जमिनीत पीक उभे राहते ती काळी. हा भेद नुसता बोलण्यापुरता नाही. गावठाणाची माती खरोखरच पांढुरकी पडलेली असते. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, पडलेल्या भिंती, शेणाचे सारवण, जनावरांचे मूत, खरकटे, हाडे हे सगळे मुरून मुरून ती तशी होते. पुरातत्त्वाचे अभ्यासक नदीकाठाने हिंडताना पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले की थबकतात. खाली जुनी वस्ती आहे हे ते त्यावरून ओळखतात. पण त्यांच्या कितीतरी आधी ते शेतकऱ्याने ओळखलेले असते, आणि पुष्कळदा अभ्यासक येऊन पोचेपर्यंत त्याने निम्मे टेकाड गाड्यांत भरून वावरात पसरलेलेही असते. इतिहासाची ही हानी खरीच. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने पाहू गेल्यास तो फार जुनी बाकी वसूल करीत असतो. काळीने शेकडो वर्षे धान्य, कडबा आणि सरपण यांच्या रूपाने जे पांढरीच्या घरात घातले, त्यातले थोडे तो परत काळीच्या ओटीत नेऊन टाकतो.

मी हे लिहितो आहे ते धनजचे शिवार डोळ्यांपुढे ठेवून. धनज बुद्रुक हे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातले गाव. नातेसंबंधामुळे माझे तिकडे जाणे-येणे आहे. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावरची. कुठे खोल काळी, कुठे मध्यम, चढावर मुरमाड बरड. कागदावर या मुलखाने पुष्कळ घरे बदलली. कारंजा पूर्वी मूर्तिजापूर तालुक्यात मोडत असे. तो तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता, मग अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा निराळा झाल्यावर कारंज्याचा भाग वाशिमकडे आला. जिल्हे हलले, माती जागच्या जागी राहिली, असे कोणालाही वाटेल. ही हकीकत आहे ती मातीही कशी हलली, कोणत्या वाटेने गेली आणि तिला परत आणण्यासाठी कोणी काय केले, याची.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती ज्या मातीवरून पडली, ती माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. तिच्यात चिकणमातीचा अंश मोठा. पाणी प्याली की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मग हातभर खोल भेगा पडतात. वरचा भुगा त्या भेगांत पडतो, पुढच्या पावसात माती फुगून वर येते; म्हणजे ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. वऱ्हाडी कुणबी वखराच्या पाळ्या देई आणि खोल नांगरट वर्षानुवर्षे करीत नसे, त्याचे एक कारण हे. एकदा भिजली की ही माती ओल धरून ठेवते. पावसाळा संपल्यावरही कपाशी आणि तूर त्याच ओलीवर महिनोन्‌महिने उभ्या राहतात. पालाश तिला खडकाकडूनच भरपूर मिळालेले. असा सगळा थाट पाहिल्यावर हिचा कस कधी सरणार नाही असा समज व्हावा यात नवल नाही, आणि साहेबांपासून सावकारापर्यंत सर्वांचा तो झाला होता.

उणीव होती ती डोळ्यांना न दिसणारी. काळा रंग म्हणजे कुजलेला पालापाचोळा, असा आपला ग्रह असतो. रेगूर जमिनीच्या बाबतीत तो बराचसा चुकीचा आहे. तिच्यात सेंद्रिय द्रव्य मुळातच थोडे, नत्र थोडे, आणि स्फुरद असले तरी चुन्याने बांधून ठेवलेले. गोरी कातडी ही जशी निरोगी प्रकृतीची खूण नव्हे, तसा काळा रंग ही कसाची खूण नव्हे. तरीही या जमिनीने शतकेच्या शतके माणसे पोसली, कारण जे घेतले जाई त्यातले बरेचसे परत येण्याच्या वाटा गावात होत्या.

त्या वाटा कोणत्या? पहिली उकिरड्याची. गोठ्यातले शेण, मुताने भिजलेली माती, राख, कुटाराची चाळ वर्षभर खड्ड्यात पडे आणि उन्हाळ्यात बैलगाडीने वावरात जाई. सर्व शेताला ते कधीच पुरत नसे. म्हणून गावालगतच्या खारीला दरवर्षी आणि लांबच्या वावराला चार-पाच वर्षांनी एकदा, असा क्रम असे. दुसरी वाट पिकांच्या पाळीची. कपाशीमागून ज्वारी, ज्वारीत मूग-उडीद, कपाशीच्या पाट्यांमध्ये तुरीच्या ओळी. तुरीचे मूळ खोल जाते, हवेतले नत्र गाठींत साठवते, आणि फुलोऱ्यानंतर तिचा पाला गळून जमिनीवर गालिचा पसरतो. शेतकऱ्याला नत्र हा शब्द ठाऊक नव्हता. तुरीच्या जागी पुढल्या वर्षी ज्वारी काळीभोर येते एवढे त्याला ठाऊक होते.

तिसरी वाट मला स्वतःला सर्वांत आवडते. उन्हाळ्यात रान मोकळे झाले की धनगरांचे कळप येत. ज्याच्या वावरात मेंढ्या बसवायच्या त्याने धनगराला धान्य द्यायचे, चहा-भाकरीचे पाहायचे, आणि रात्रभर कळप वावरात बसायचा. दुसऱ्या रात्री जागा थोडी सरकवायची. असे करीत करीत सारे वावर पुरे होई. या पद्धतीत गाडी लागत नाही, खड्डा लागत नाही. खत आपल्या पायांनी चालत येते आणि नेमके हवे तिथे पडते. शेणाबरोबर मूतही जागच्या जागी मुरते. जनावराच्या मुतात नत्राचा मोठा वाटा असतो, आणि गोठ्यात तोच वाया जातो. बांधाला बांध लागून असलेल्या दोन भावांत मेंढ्या आधी कोणाकडे बसायच्या यावरून वर्षभराचा अबोला धरल्याची उदाहरणे गावोगाव सांगतात. ज्या वस्तूवरून भावाभावांत बोलणे तुटते तिची किंमत गावाला पक्की कळलेली असते.

असो. या परतीच्या वाटा अरुंद होत्या, पण चालू होत्या. जाण्याची वाट मात्र एकोणिसाव्या शतकात एकाएकी हमरस्ता झाली.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरपर्यंत गेली. लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून महिनोन्‌महिने जाणारा माल आता दिवसांत मुंबईला पोचू लागला. आणि १८८६ साली कारंज्याला एक अशी गोष्ट घडली की जिचा उल्लेख आजही कृषी-अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडतो : हैद्राबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने तिथला कापसाचा बाजार नियमाखाली आला. हिंदुस्थानातला हा पहिला नियंत्रित बाजार समजला जातो. धनजच्या शेतकऱ्याची गाडी ज्या बाजारात उभी राहते, त्या बाजाराला असा मान आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडभर बाजारांचा कायदा झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी चिमुकली अरुंद रुळांची आगगाडी कारंज्यावरून धावू लागली. तिला लोकांनी 'शकुंतला' हे लाडके नाव दिले. ती आता बंद पडली आहे. पण तिच्या डब्यांतून या मातीचे किती काय गेले, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे.

त्या हिशेबात एक गंमत आहे. कापसाची रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध काष्ठतंतू. तो झाड हवेतून आणि पाण्यातून तयार करते. रुईच्या गाठी मँचेस्टरला गेल्या म्हणून जमिनीचे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते सरकीने. कापसाच्या वजनात रुई साधारण तिसरा हिस्सा आणि सरकी दोन हिस्से. झाडाने जमिनीतून ओढलेले नत्र आणि स्फुरद त्या सरकीत जाऊन बसलेले असते. क्विंटलभर कापसामागे दोन किलोंच्या आसपास नत्र सरकीतून बाहेर पडते. सरकी गावातल्या गाई-म्हशींच्या पुढ्यात पडली तर ते शेणावाटे परत येईल. जिनातून परस्पर बाहेरगावी गेली तर गेलेच. जुन्या पद्धतीत घरी चरकीवर कापूस वटवीत, सरकी गोठ्यात राही आणि रुई विकली जाई. जिनिंगच्या कारखान्यांनी वटवण्याचे कष्ट वाचवले आणि सरकी गोठ्यातून उचलली. बाजार कारंज्याचा असो की आणखी कुठला, काटा कापसाचे वजन अचूक सांगत असे. सरकीबरोबर काय चालले आहे ते सांगणारा काटा कोणाजवळच नव्हता.

याच सुमारास दोन माणसांनी हे दुखणे ओळखले. एक महाराष्ट्रातला, दुसरा विलायतेतला. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची ओळख आपल्याला बहुधा त्यातल्या संतापामुळे असते. पण १८८३ सालच्या त्या ग्रंथात जमिनीविषयी एका कसलेल्या शेतकऱ्याचे निरीक्षण आहे. रानावनातला कुजका पालापाचोळा आणि जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन मुरे. जंगलखात्याने रान अडवले, गुरांची चराई बंद केली, तेव्हा हा पुरवठा आटला, असे त्यांनी म्हटले. उपाय म्हणून त्यांनी सरकारला सुचवले की, रिकाम्या बसलेल्या पलटणी आणि जादा पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीनाल्यांना मिळेल. आज पाणलोट म्हणून जे शास्त्र आपण शिकतो, त्याचा गाभा यात आला आहे.

दुसरे जॉन ऑगस्टस व्होल्कर. हे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ. १८८९ साली त्यांना हिंदुस्थानची शेती सुधारण्याचा मार्ग शोधायला पाठवले गेले. आडाणी रयतेला चार गोष्टी शिकवाव्यात अशा अपेक्षेने त्यांना धाडले असावे. पण देशभर हिंडल्यावर त्यांनी १८९३च्या अहवालात लिहिले ते भलतेच. इथला शेतकरी सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याहून कमी नाही, काही बाबतीत सरस आहे, असा त्यांचा निर्वाळा. शेण जाळण्याच्या चालीवर तर त्यांनी मुळाशी जाऊन विचार केला. शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे. सरपण मिळत नाही म्हणून जाळतो. जिथे लाकूड मिळते तिथे शेण खतालाच जाते. तेव्हा सरकारने उपदेश करण्याऐवजी सरपणाची आणि चाऱ्याची राने राखावीत, ही त्यांची मुख्य शिफारस. तेलबिया आणि हाडे देशाबाहेर जातात त्याबरोबर जमिनीचा कस जातो, हेही त्यांनी बजावले. अहवाल छापला गेला, वाखाणला गेला आणि फळीवर गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावरून गेले, आणि सोन्याच्या कुऱ्हाडीच्या मुलखात माणसे खडी फोडायला रांगेत उभी राहिली.

यानंतरची गोष्ट इंदूरची आहे. धनजपासून इंदूर लांब; पण तिथे जे घडले ते वऱ्हाडच्या पऱ्हाटीवाचून घडले नसते असे मी म्हणेन. १९२४ साली तिथे कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. कापसाचे वाण सुधारण्याचे काम त्यांच्याकडे होते. वाण कितीही सुधारले तरी जमीन उपाशी असेल तर व्यर्थ, हे त्यांना कळून चुकले होते. चीनमध्ये लोक चार हजार वर्षे तीच जमीन कसतात आणि ती थकत नाही, हे अमेरिकन शास्त्रज्ञ किंग यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितले होते. त्यावरून हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मुताची माती आणि राख यांचे थर घालून, हवा आणि पाणी बेताने देऊन, तीन वेळा उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. इंदूर कंपोस्ट म्हणून जगभर गाजलेल्या पद्धतीच्या पहिल्या पुस्तकावर हे नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही; म्हणून इथे मुद्दाम सांगितली.

या पद्धतीतले मर्म समजून घेण्यासारखे आहे. कपाशीची पऱ्हाटी किंवा तुरीची तुराटी तशीच बारीक करून जमिनीत गाडली तर पीक सुधारत नाही, उलट पिवळे पडते. लाकूड कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्राची भूक फार. ते लाकडात नसते, म्हणून ते जमिनीतले ओढून घेतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. यासाठी कुजण्याचे काम वावराबाहेर, शेणामुताच्या शिदोरीवर उरकून घ्यायचे आणि तयार झालेले अन्न जमिनीला वाढायचे. पऱ्हाटी तर हाताने मोडता मोडत नाही. इंदूरला त्यावर केलेली युक्ती ऐकून कोणाही वऱ्हाडी माणसाला हसू येईल : पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरून टाकत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा आपोआप भुगा होई. यंत्राचा खर्च शून्य.

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेलेले गांधीजी ही संस्था पाहून आले. त्यापूर्वीच १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला होता आणि मगनवाडीत कुमाराप्पा खत, घाणी, चूल या गोष्टींना अर्थशास्त्राचा दर्जा देत होते. त्या वातावरणात विदर्भातल्या कित्येक तरुणांनी झाडू, फावडे आणि खताचा खड्डा यांत देशकार्य पाहिले. त्या कार्यकर्त्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात, कारण खड्ड्याजवळ छायाचित्रकार जात नाही.

स्वातंत्र्य मिळाले आणि १९५१ च्या अखेरीस सिंद्रीचा कारखाना अमोनियम सल्फेट काढू लागला. पुढे युरिया आला. १९६० नंतर संकरित ज्वारी आणि १९७० नंतर संकरित कपाशी आली. ही वाणे खतावाचून फळत नसत. या गोणीला नावे ठेवणे आता चालीवर पडले आहे. मला ते पटत नाही. ज्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे तो धान्याच्या वाढलेल्या राशीला हसणार नाही. तुलनाही प्रामाणिकपणे करावी. तीन टन कंपोस्टात टक्का-अर्धा टक्का नत्र धरले तरी पंधरा ते तीस किलो भरेल, आणि तेही हळूहळू मिळेल. युरियाच्या पंचेचाळीस किलोंच्या एका गोणीत वीस-एकवीस किलो नत्र असते. गोणी एक माणूस खांद्यावर टाकून आणतो. तीन टनांना गाडी हवी, बैल हवेत, चार माणसे हवीत. शेतकरी गोणीकडे वळला तो आळसाने नव्हे, अंकगणिताने वळला. फक्त या अंकगणितात एक राशी लिहायची राहून गेली. गोणीत नत्र असते, पण मातीला ओल धरायला शिकवणारे सेंद्रिय द्रव्य नसते. आमच्या बाजूच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आज बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, किंवा त्याहून खालीच निघतो. कोरडवाहू शेतकऱ्याला नत्राइतकीच ओलीची ददात असते, आणि पावसाने दोन आठवडे दडी मारली की गोणीचे पैसे वावरात वाळतात.

आता पुसदची गोष्ट. पुसद यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे आमच्या वऱ्हाडातच. तिथले ना. दे. पांढरीपांडे हे गांधीविचाराचे शेतकरी कार्यकर्ते. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत आणि ही अक्षरे त्यांच्या नावातूनच आलेली. इंदूरच्या पद्धतीत शेण पुष्कळ लागे. ज्याच्या गोठ्यात एकच जनावर, त्याने काय करावे? काकांनी आयुष्य या एका प्रश्नापायी घालवले, आणि त्याचे उत्तर म्हणून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके दिले. त्याच्या भिंतींत जागोजाग भोके. वरवर पाहता गवंड्याने विटा कमी पडल्या म्हणून जाळीची भिंत केली असे वाटावे. पण त्या भोकांतून वारा खेळतो आणि ढीग उलथण्याचे कष्ट वाचतात.

टाके भरण्याची रीत अशी : तळ आणि भिंती शेणकाल्याने भिजवायच्या. मग अर्धा फूट जाड काडीकचऱ्याचा थर, त्यावर चार किलो शेण शे-सव्वाशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचे, त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती. असे अकरा-बारा थर. वर दीड फूट घुमटासारखा उंचवटा करून शेणमातीने लिंपून टाकायचे. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो. पुन्हा भरायचा, पुन्हा लिंपायचा, भेगा पडल्या तर बुजवायच्या, ओल राखायची. तीन ते चार महिन्यांत खत तयार. एकूण कचरा चौदाशे-पंधराशे किलो, माती साडेसतराशे किलो, आणि शेण फक्त नव्वद ते शंभर किलो. त्यातून खत निघते तीन टनांच्या आसपास. मातीचा थर भरतीसाठी नसतो. कुजताना नत्र वायू होऊन उडू पाहते ते ती धरून ठेवते. शेण हे इथे विरजणासारखे. दुधाला विरजण बेताचेच लागते, ही गोष्ट घरातल्या बाईला माहीत होती. खताला लागू करायला मात्र पुसदचा एक म्हातारा लागला. पुढे महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात सरकारी खात्यांनी हे टाके उचलून धरले, आणि रोजगार हमीच्या कामांतही त्याला जागा मिळाली.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी तर त्याहीपुढे जाऊन खताचा ढीगच नको म्हटले. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे जीवामृत पुरे, असा त्यांचा दावा. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दाव्यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे आणि तो त्यांनीच मिटवावा. माझ्या लक्षात राहते ते इतके की, वऱ्हाडातल्या या दोघांनीही प्रश्न एकच घेतला : शेण थोडे आहे, त्यात कसे भागवावे?

शेण थोडे का झाले, हा या कथेतला सर्वांत चमत्कारिक भाग. व्होल्कर म्हणाले होते, घराला सरपण द्या म्हणजे शेण वावरात जाईल. एकशे पंचवीस-तीस वर्षांनी घरोघर गॅसची शेगडी आली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर ती पालाच्या झोपडीपर्यंत गेली. आता गोवऱ्या पूर्वीइतक्या जळत नाहीत. पण शेगडी घरात आली त्याच काळात गोठ्यातून बैलजोडी बाहेर पडली. चार-पाच एकरांच्या धन्याला वर्षभर बैल पोसणे परवडेना. वखरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली. जाळण्याचे शेण वाचले, आणि वाचवण्यासारखे शेण राहिले नाही. पोळ्याला मातीचे बैल पूजणारी घरे तिकडे आता पुष्कळ आहेत.

कपाशीच्या जागी बरेचसे सोयाबीन आले. ते द्विदल, गाठींवाटे नत्र धरणारे, म्हणून जमिनीचे भले होईल असे सर्वांना वाटले. पण त्याच्या दाण्यातच नत्र ठासून भरलेले असते. क्विंटलभर दाण्यांबरोबर सहा किलोंहून अधिक नत्र बाजारात जाते, आणि हवेतून घेतलेले त्याला पुरे पडतेच असे नाही. कुटार वावरात परतले तर काही तरी उरते. ते मळणीयंत्राच्या तोंडाशी ढिगाने पडते आणि पुष्कळदा पेटवले जाते. पऱ्हाटीची तीच गत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली, तेव्हापासून हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावा असा सल्ला मिळतो. तो योग्यच आहे. अळी पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांत दडते. पण विल्हेवाट म्हणजे काडी लावणे, असाच अर्थ बहुतेक घेतात.

२००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. वाशिम त्या सहांत होता, आणि सहा जिल्हे कशासाठी निवडले ते सर्वांना ठाऊक आहे. सणासुदीच्या अंकात त्याचा विस्तार करीत नाही. त्या मदतीत व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे होते, दुभती जनावरेही होती. २०१५ पासून मातीच्या आरोग्याच्या पत्रिका घरोघर आल्या आणि कर्ब, स्फुरद, जस्त हे शब्द चावडीवर ऐकू येऊ लागले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे दीडशे वर्षांपासून होती. त्याच्या पायाखालच्या जमिनीचे येणे मोजायला इतका वेळ लागला.

गेल्या उन्हाळ्यात धनजकडे गेलो असता नात्यातल्या एका वहिनींच्या परसात नाडेपचे टाके दिसले. योजनेतून बांधलेले. पहिली दोन वर्षे ते नीट भरले गेले, मग बैल विकले, माती आणायला गाडी राहिली नाही, आणि टाक्यात काही दिवस कोंबड्या राहत होत्या. भोकांची भिंत त्यांना फारच सोयीची पडली. यंदा मात्र ते भरलेले होते. मी शेणाचे विचारले. त्या म्हणाल्या, "शेजारच्याइकडून दोन टोपले आनतो, भाऊ. एवढ्यात होते. कुटार आपलंच, पऱ्हाटी पोराने मशीनीत घालून बारीक करून आनली. पान्याचाच काय तो घोर." भर उन्हाळ्यात पंधराशे-दोन हजार लिटर पाणी म्हणजे लहान गोष्ट नव्हे, धुण्याचे पाणी त्या साठवून ठेवतात आणि संध्याकाळी घागरीने ओततात. अर्धा एकर पट्टा त्यांनी तेवढ्यापुरता राखला आहे, दरवर्षी तोच. सगळ्या पाच एकरांत थोडे थोडे का टाकत नाही, असे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे शहरी माणसाकडे पाहतात तसे पाहिले. "थोडं थोडं टाकलं तं दिसन का कुठी? त्या पट्ट्यात पाऊस दोन हप्ते नाई आला तरी पऱ्हाटी मान टाकत नाई. ते पाहूनच ह्यायनं या वर्षी पऱ्हाटी पेटवली नाई."

मग त्यांनी टाक्यावरच्या लिंपणाला पडलेली एक भेग दाखवली, शेणकाल्याचे घमेले ओढले, आणि बोलता बोलता ती बुजवायला घेतली.